प्रस्तावनेतली चौथी ओळ

मिलादा शेबेस्तोवाकडे एक पुस्तक सांभाळायला होते आणि ते कोणी वाचत नाही, असे तिच्या बहिणीचे ठाम मत होते. बहिणीची मते मिलादा सहसा मनावर घेत नसे. पण त्या वर्षी ऑक्टोबर उजाडला तेव्हा तिला स्वतःलाही तसेच वाटू लागले होते.

पुस्तक छापलेले नव्हते. 'यावोर' नावाची एक संगणकप्रणाली आहे, फुकट वाटली जाणारी, कुठल्याच कंपनीची नसलेली. आठ-नऊशे माणसे आपापल्या घरी बसून, नोकरी-धंदा आटपून, तिच्यासाठी सॉफ्टवेअरची पॅकेजे बांधतात. वीस हजार पॅकेजे. एवढ्या लोकांनी आपल्या मनाने बांधायला घेतले तर कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहणार नाही. म्हणून नियम हवेत. कुठली फाइल कुठे ठेवायची, नाव काय द्यायचे, आवृत्तीचा आकडा कसा लिहायचा, आत काय आहे आणि ते कोणी बांधले याची चिठ्ठी कशी लावायची. मिलादाची आई तळघरातल्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या प्रत्येक बरणीवर वर्ष, झाड आणि साखर किती, हे लिहून ठेवायची. तसेच हे, फक्त बरण्या वीस हजार. ते नियम ज्या पुस्तकात होते ते मिलादा एकोणीस वर्षे सांभाळत होती.

सांभाळणे म्हणजे कुलपात ठेवणे नव्हे. परवा बरोबर असलेली गोष्ट आज चूक ठरते, आणि पुस्तकात मात्र परवाचीच राहते. हे मिलादा पोट भरण्याच्या नोकरीत शिकली होती. ती ट्रॅक्टरच्या कारखान्यात दुरुस्तीची मॅन्युअले लिहायची. तिथे एकदा पट्ट्याचा खटका बदलला, मॅन्युअलचे पान बदलायचे राहिले आणि कुठल्याशा खेड्यातल्या मेकॅनिकची दोन बोटे गेली. ते पान तिचे नव्हते. तरी तेव्हापासून जुने झालेले पान दिसले की तिला भूक लागत नसे.

निवृत्तीनंतर तिचा दिवस ठरलेला होता. सकाळी ब्रनो या चेक शहरातल्या भाजीबाजारातून कोबी, पाव, कधी खसखशीची गोड पोळी, मग चहाचा मग, मग पुस्तक. नवरा बारा वर्षांपूर्वी दुसरीकडे राहायला गेला होता, मूल झाले नव्हते. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत कित्येक दिवस तिचा आवाज निघत नसे, आणि एखाद्या दिवशी दुकानात पैसे देताना तो घोगरा निघाला की तिला स्वतःचीच लाज वाटे.

पुस्तकाची एक रीत होती. एकट्या माणसाने त्यात एक अक्षर बदलायचे नाही. बदल सुचवायचा, सर्वांना दिसेल असा टांगून ठेवायचा, आणि यादीतल्या दुसऱ्या कोणीतरी तो वाचून पुस्तकाच्या टपालपेटीत दोन शब्द लिहून पाठवायचे: 'वाचलं. मान्य.' ते आले की मगच बदल पुस्तकात जायचा. खाजगी पत्र चालत नसे, फोन चालत नसे. जे काही ते पुस्तकाच्या पत्त्यावर, उद्या कोणालाही वाचता येईल असे. पूर्वी यादीत बारा नावे होती. कोणाला मुले झाली, कोणाला मोठी नोकरी लागली, कोणाला वीट आला. शेवटी दोनच उरली होती, मिलादा आणि इम्रिख कोचिश.

इम्रिख स्लोव्हाकियातल्या प्रेशोव्हचा, फिजिक्सचा निवृत्त मास्तर. तो स्लोव्हाकमध्ये लिहायचा, ती चेकमध्ये, आणि चौदा वर्षांत कोणाचे अडले नव्हते. दोघे कधी भेटले नव्हते. 'तुम्ही'वरून 'तू'वर आले नव्हते. पण त्याची पत्रे अशी असायची: "मिलादाबाई, सातव्या प्रकरणातली तुमची यादी आमच्या हिने स्वयंपाकघरासाठी मागितली आहे. म्हणाली, असा एक माणूस घरात असता तर. वाचलं. मान्य." किंवा: "हा नियम इतका कडक आहे की मी स्वतःलाच शाळेतून काढून टाकलं असतं. वाचलं. मान्य."

मग एप्रिलमध्ये त्यांचे वाजले. नवव्या प्रकरणावरून. पॅकेजात परवान्याचा अख्खा मजकूर ठेवायचा की नुसते त्याचे नाव पुरे, एवढीच गोष्ट. तीन आठवडे पत्रापत्री झाली आणि शेवटी मिलादाने लिहिले, 'पुस्तकाचा कंटाळा आला असेल तर तसं सरळ सांगा.' पाठवल्यावर पाच मिनिटांत तिला पश्चात्ताप झाला. पण पाठवले ते पाठवले.

त्यानंतर इम्रिखकडून एक अक्षर आले नाही.

मे गेला, जून गेला. मिलादा बदल टांगत राहिली, आणि ते वाळत घातलेल्या कपड्यांसारखे तिथेच राहिले. एक, चार, नऊ, चौदा. इतर लोकांची पत्रेही थांबली. पूर्वी आठवड्याला दोन-तीन तरी यायची, कोणी चूक दाखवायचा, कोणी भांडायचा, कोणी नुसते आभार मानायचा. आता पेटी उघडावी तर रिकामी. तिने स्वतःच स्वतःला पत्र पाठवून पाहिले, ते लगेच आले. म्हणजे पेटी ठीक होती. लोकच नव्हते.

गप्प बसलेल्या माणसाबद्दलही पुस्तकात नियम होता, आणि तो मिलादानेच लिहिलेला. तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन पत्रे पाठवायची, ठरलेल्या शब्दांत: 'आपल्याकडून बराच काळ काही कळलं नाही. आपण आहात का? एका शब्दाचं उत्तर पुरे.' तिन्हींना उत्तर आले नाही तर नाव यादीतून काढायचे. तिने जुलैच्या मध्यात पहिले पत्र पाठवले, ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरे, ऑगस्टअखेर तिसरे. उत्तर आले नाही. मुदत सप्टेंबरच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला संपली. एकोणीस वर्षांत नियमाच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणाऱ्या मिलादाने नाव काढले नाही. आज काढू, उद्या काढू करत तिने एक महिना घालवला.

मग यावोरच्या मंडळाचे पत्र आले. मंडळी सभ्य होती. त्यांनी लिहिले होते की सहा महिन्यांत पुस्तकात एकही बदल झालेला नाही, पुस्तकाला कोणाचे पत्रही आलेले दिसत नाही, आणि यादीतला दुसरा माणूस उत्तर देत नाही. नोव्हेंबरच्या पाच तारखेपर्यंत दोन जिती-जागती नावे मिळाली नाहीत तर पुस्तक बंद करून इतिहासाच्या कपाटात ठेवावे लागेल. नियम तपासण्याचे काम पुढे एक प्रोग्रॅम करील. 'आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभार.'

त्या आभारांनी मिलादा जास्त दुखावली.

शनिवारी सकाळी बहिणीचा, हेद्विकाचा फोन आला.

"उद्या आई-बाबांच्या थडग्यावर यायचंय, लक्षात आहे ना? पुढच्या आठवड्यात पितरांचा दिवस, गर्दीत पाय ठेवायला जागा नसेल. पानं झाडायची, मेणबत्त्या लावायच्या."

"येते."

"आवाजाला काय झालं?"

"काही नाही. पुस्तक बंद करतायत."

"मिलो, एक विचारू? रागावू नकोस. एकोणीस वर्षांत ते पुस्तक वाचून तुझ्या दाराची बेल कुणी वाजवली का गं?"

"त्यासाठी नसतं ते."

"मग कशासाठी असतं? माझी नातवंडं मावशीआजी कशी दिसते ते विसरली. अकरा तारखेच्या सणाला हंस भाजणारेय मी. तू येणार आहेस, आणि कॉम्प्युटर घरी ठेवून येणार आहेस."

"बरं."

"बरं म्हणते आणि येत नाही," हेद्विका म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बंद व्हायचेच असेल तर पुस्तक धड अवस्थेत बंद व्हावे, असे मिलादाने ठरवले. भाड्याचे घर सोडताना बाई खिडक्या पुसते, तसे. तिने पहिल्यापासून वाचायला घेतले. इतकी वर्षे ती प्रकरण एकपासूनच सुरुवात करायची. त्याआधी अर्ध्या पानाची प्रस्तावना होती, पण प्रस्तावनेत बदलण्यासारखे काय असते? त्या दिवशी घाई नव्हती म्हणून तिने तीही वाचली.

चौथी ओळ अशी होती: 'सूचना, हरकती आणि होकार केवळ पुढील पत्त्यावर पाठवावेत.' आणि पुढे पत्ता.

पत्ता जुना होता.

मार्चअखेर यावोरची सगळी टपालपेटी एका मशिनवरून दुसऱ्यावर हलवली होती. पत्ते बदलले होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या पेटीत पोचत होती, मग ती वाट बंद झाली. मिलादाने त्या वेळी पुस्तकातल्या तीनशे चाळीस ओळी दुरुस्त केल्या होत्या, एका बदलात, आणि इम्रिखने त्याला होकार देताना लिहिले होते, 'तीनशे चाळीस! माझे डोळे गेले, बिल पाठवतो.' पण तिने शोध घेतला तो प्रकरण एक ते चोवीसमध्ये. प्रस्तावनेला प्रकरणाचा आकडा नव्हता. जगाला जुनी पाने बदलायला लावणाऱ्या बाईच्या पुस्तकात पहिलेच पान जुने राहिले होते. दिव्याखाली अंधार.

तिने प्लझेनला सिल्वीला फोन लावला. यावोरची मशिने सिल्वी बघायची.

"जुनी टपालपेटी? ती बंदच आहे की, बाई. म्हणजे बंद म्हणजे, कुणी बघत नाही."

"तिच्यावर पत्र पाठवलं तर परत येतं का?"

"परत कशाला येईल? मशीन मुकाट्याने ठेवून घेतं. डिसेंबरात पुसायचंय ते सगळं." मग सिल्वीचा आवाज बदलला. "का? कुणी पाठवत होतं का?"

"मला किल्ली दे," मिलादा म्हणाली.

आत एकसष्ट पत्रे होती.

ती तारखेनुसार वाचत गेली. कुणी दोघांनी चौथ्या प्रकरणाबद्दल भांडण काढले होते. टार्टूच्या कोणीतरी पहिले पॅकेज बांधले म्हणून आभार मानले होते. मारिबोरच्या ब्रेदा कोलेन्त्स नावाच्या बाईने सातव्या प्रकरणातली खरीखुरी चूक दाखवली होती, मग पुन्हा दाखवली होती, मग तिसऱ्यांदा, आणि चौथ्या पत्रात विचारले होते: 'या पुस्तकाला कुणी वाली आहे का? नसेल तर मी हात लावू का?' लोक वाचत होते. सगळा उन्हाळाभर वाचत होते, लिहीत होते, आणि इकडे ती रिकाम्या पेटीकडे बघत बसली होती.

एकसष्टांपैकी अठरा इम्रिखची होती.

पहिले एकोणीस एप्रिलचे. 'मिलादाबाई, कंटाळा कसला? आमची ही गेल्याला चार वर्षं झाली. हे इथे लिहायचं नसतं, म्हणून लिहिलं नव्हतं. तेव्हापासून माझी चूक काढणारं माणूस आठवड्यातून एकदा भेटतं, ते तुम्ही. नववं प्रकरण तुमचंच बरोबर. वाचलं. मान्य.'

मिलादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

पुढे एकेका बदलाला एकेक होकार. चौदाच्या चौदा. सुरुवातीला गंमत होती, मग गंमत कमी होत गेली. जूनमध्ये: 'होकार देऊन महिना झाला, तुम्ही बदल पुस्तकात घेतला नाही. माझा होकार नको असेल तर तो तुमचा हक्क आहे. तरी देतो. वाचलं. मान्य.'

जुलैत तिच्या पहिल्या ठरीव पत्राला उत्तर होते. 'आहे. हे पत्र ज्या पत्त्यावरून आलं तो प्रस्तावनेत नाही. उत्तर त्या पत्त्यावर देत नाही, कारण तिसऱ्या प्रकरणात तुम्हीच लिहिलं आहे की होकारासाठी प्रस्तावनेत छापलेला पत्ता तोच खरा, बाकी सोंगाड्यांचे. म्हणून इथे लिहितो.' ऑगस्टमध्ये दुसरे उत्तर: 'आहे, बाई. मागेही सांगितलं. रुसवा काढा आता.' आणि सप्टेंबरच्या चार तारखेला, तिसरे: 'आहे. अजून आहे. हॉस्पिटलात आहे, मूत्रपिंडांनी राजीनामा दिलाय. खाली फोन नंबर देतो. नियमात बसत नाही, ठाऊक आहे.'

त्यानंतर पत्र नव्हते.

पत्त्यातली चूक एक साधा प्रश्न विचारून कळली असती. एकदा, एकदाच तिने त्याला खाजगी ओळ लिहिली असती, 'ठीक आहात ना?' म्हणून, तर सगळे उलगडले असते. दर नव्या वर्षाला तिच्या मनात यायचे आणि दर वर्षी ती नियम आठवून गप्प बसायची. दोघेही नियमाचे पक्के. त्याने पुस्तकावर विश्वास ठेवला, आणि पुस्तक तिचे होते.

तिने नंबर फिरवला. बाईचा आवाज आला.

"मी ब्रनोहून बोलतेय. मिलादा शेबेस्तोवा. श्रीयुत कोचिश…"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "पुस्तकवाल्या बाई?"

"हो."

"मी ल्युबित्सा, त्यांची मुलगी. बाबा गेले. सप्टेंबरच्या अठराला."

मिलादाने पडद्यावरच्या पत्राची तारीख पाहिली, सप्टेंबरची चार.

"रोज विचारायचे," ल्युबित्सा म्हणाली. "फोन मागायचे आणि बघायचे. मी म्हटलं, जाऊ द्या ना, काय एवढं. तर म्हणाले, बाई रुसली आहे, पण रुसली तरी कामचुकार नाही, लिहील."

"मी रुसले नव्हते. पत्रं मला मिळालीच नाहीत. पुस्तकात पत्ता चुकीचा होता. माझ्याकडून राहिला होता. आज दुपारी कळलं."

"आज?"

"आज."

मग ल्युबित्सा म्हणाली, "हे त्यांना सांगायला हवं होतं तुम्ही." आणि लगेच, "माफ करा. तुमची चूक… म्हणजे, माफ करा."

"नाही," मिलादा म्हणाली. "बरोबर बोललात."

रविवारी दोघी बहिणींनी थडग्यावरची पाने झाडली, दगड धुतला, शेवंतीची कुंडी ठेवली. हेद्विका सबंध वेळ बोलत होती आणि मिलादा हूं हूं करत होती. निघताना मिलादा दफनभूमीच्या मधल्या मोठ्या क्रूसापाशी थांबली. ज्यांची थडगी दूर कुठेतरी आहेत त्यांच्यासाठी लोक तिथे दिवे लावतात. तिने पिशवीतून एक लाल काचेची मेणबत्ती काढली.

"ही कुणाची?" हेद्विकाने विचारले.

"माझ्याबरोबर काम करायचे."

"कारखान्यात?"

"पुस्तकात. चौदा वर्षं."

"कसे होते दिसायला?"

"माहीत नाही."

हेद्विकाच्या तोंडाशी काहीतरी आले होते, हे मिलादाला दिसले. ते तिने गिळले. वारा होता, काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा हेद्विकाने दोन्ही हातांचा आडोसा धरला.

सोमवारी चौदाही बदल पुस्तकात गेले. होकार जिवंत माणसाने, छापलेल्या पत्त्यावर, वेळेत दिलेले होते. मंडळाला हरकत घ्यायला जागा नव्हती. मिलादाने मंडळाला एकसष्ट पत्रांची यादी पाठवली आणि ब्रेदा कोलेन्त्सला चार पत्रांचे एक लांबलचक उत्तर. ब्रेदा यादीत यायला लगेच तयार झाली. मग मिलादाने पंधरावा बदल टांगला, प्रस्तावनेतल्या चौथ्या ओळीचा. तासाभरात मारिबोरहून दोन शब्द आले: 'वाचलं. मान्य.' विनोद नव्हता, टोमणा नव्हता. नवखी बाई, कसा असेल? मिलादा त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. पुस्तक बचावले होते, आणि तिला आनंद होत नव्हता.

दुपारी सिल्वीचा फोन आला.

"यादीत ब्रेदाचं नाव चढवलं, बाई. कोचिशांचं काढू ना?"

"कुठल्या नियमाने?"

"तोच तुमचा. तीन पत्रांचा."

"त्यांनी तिन्ही पत्रांना उत्तर दिलंय."

सिल्वी अडखळली. "हो, पण बाई… ते वारले ना?"

"वारलेल्या माणसाबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नाही."

"मग लिहायला हवं."

"हवं," मिलादा म्हणाली. "तू बदल सुचव. तू यादीत नाहीस, म्हणून त्याला यादीतल्या दोघांचा होकार लागेल. ब्रेदा देईल. मी देणार नाही."

यादीत तीन नावे राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच मिलादा नियमाच्या आड लपली होती आणि ते तिला पक्के ठाऊक होते.

फोन ठेवल्यावर तिने त्याचे सप्टेंबरचे पत्र पुन्हा उघडले. 'आहे. अजून आहे.' त्याखाली उत्तराची कोरी जागा होती. पुस्तकाच्या पत्त्यावरून, खऱ्या पत्त्यावरून, तिने एक शब्द लिहिला, 'मीही', आणि पाठवला.

पत्र परत आले नाही. प्रेशोव्हातल्या कुठल्यातरी मशिनने ते मुकाट्याने ठेवून घेतले होते.